धनंजयराव गाडगीळ : ग्रामीण भांडवलाचा हिशेब मांडणारे अर्थशास्त्रज्ञ

देशातील प्रत्येक जिल्ह्यात एक अग्रणी बँक असते. शेतीला आणि ग्रामीण उद्योगांना वर्षभरात किती कर्ज द्यायचे, याचा जिल्हा पतपुरवठा आराखडा तिच्या पुढाकाराने तयार होतो. केंद्राकडून राज्यांना मिळणारे योजना साहाय्य सुमारे साडेचार दशके एका ठरावीक सूत्रानुसार वाटले जात असे. महाराष्ट्रात शेतकऱ्यांच्या मालकीचे साखर कारखाने उभे राहिले आणि त्यांच्याभोवती नवी गावे वसली. या तिन्ही गोष्टींच्या मुळाशी एकच नाव आहे, ते म्हणजे प्राध्यापक धनंजय रामचंद्र गाडगीळ.

गाडगीळ यांची ओळख प्रामुख्याने नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष अशी करून दिली जाते. प्रत्यक्षात ते पद त्यांच्याकडे आले तेव्हा त्यांचे वय ६६ वर्षांचे होते आणि त्यांच्या आयुष्यातील बहुतेक कार्य पूर्ण झाले होते. शेतकऱ्याला भांडवल कोणी पुरवावे, सार्वजनिक पैसा खेड्यापर्यंत कोणत्या मार्गाने पोहोचावा आणि तो खर्च झाल्यानंतर गावात मागे काय उरावे, हे प्रश्न त्यांनी चार दशके सातत्याने हाताळले.

नागपूर ते केंब्रिज

धनंजयराव गाडगीळ यांचा जन्म १० एप्रिल १९०१ रोजी नाशिक येथे झाला. शालेय शिक्षण नागपुरात पूर्ण केल्यानंतर उच्च शिक्षणासाठी ते इंग्लंडला गेले आणि केंब्रिज विद्यापीठाच्या क्वीन्स महाविद्यालयात दाखल झाले. तेथे त्यांनी भारताच्या अर्वाचीन औद्योगिक उत्क्रांतीवर प्रबंध लिहिला. तो १९२४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला, त्या वेळी लेखकाचे वय अवघे २३ वर्षांचे होते. या ग्रंथाच्या पुढे अनेक आवृत्त्या निघाल्या आणि भारतीय अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी तो अभ्यासला.

ग्रंथाचे नाव औद्योगिक असले तरी त्यातील मोठा भाग शेती आणि ग्रामीण कारागीर यांच्याविषयी आहे. रेल्वे आल्यानंतर खेड्याचा बाजारपेठेशी संबंध कसा जोडला गेला, नगदी पिके कशी वाढली, दुष्काळात कोणाचे काय झाले आणि हस्तव्यवसाय का मोडकळीस आले, याची मांडणी त्यात आहे. देशातील शेती एकट्याने सुधारत नाही. वाहतूक, बाजार, पतपुरवठा आणि उद्योग यांच्याबरोबरच ती सुधारते किंवा खालावते, हे निरीक्षण तरुण गाडगीळ यांनी तेव्हाच नोंदवले होते. त्यांच्या पुढील सर्व कार्याची बीजे त्यात आढळतात.

मायदेशी परतल्यावर त्यांनी अल्पकाळ मुंबई सरकारच्या वित्त विभागात काम केले. १९२५ ते १९३० या काळात ते सुरत येथील एम. टी. बी. महाविद्यालयाचे प्राचार्य होते. सरकारी नोकरी आणि अध्यापन या दोन्हींचा अनुभव घेतलेल्या गाडगीळ यांना संशोधनाचे स्वतंत्र क्षेत्र मिळाले ते पुण्यात.

गोखले संस्थेची पाहणी पद्धत

रावबहादूर आर. आर. काळे यांनी दिलेल्या देणगीतून १९३० मध्ये पुण्यात गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेची स्थापना झाली. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाच्या आवारात ही संस्था सुरू झाली. गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले आणि १९६६ पर्यंत, म्हणजे ३६ वर्षे, त्यांनी ती धुरा वाहिली.

त्या काळी भारतीय अर्थशास्त्र बहुतांशी सरकारी अहवाल आणि परदेशी सिद्धांत यांच्या आधारे शिकवले जात असे. गाडगीळ यांनी संस्थेच्या कार्यकर्त्यांना प्रत्यक्ष पाहणीसाठी बाहेर पाठवले. पुण्याच्या बाजारात फळे कोठून येतात, मध्ये किती हात लागतात आणि उत्पादकाच्या पदरात काय पडते, ही त्यांची प्रारंभीची पाहणी होती. सातारा जिल्ह्यातील वाई तालुक्यात शेतीच्या व्यवसायाचा जमाखर्च तपासण्यात आला. पुढे पुणे शहराची सामाजिक व आर्थिक पाहणी झाली. घरोघरी जाऊन माहिती गोळा करणे, ती पडताळणे आणि मगच निष्कर्ष काढणे, ही शिस्त या संस्थेने देशाला घालून दिली.

ही शिस्त त्यांच्या दृष्टीने केवळ विद्येचा विषय नव्हती. शेतकऱ्यासाठी म्हणून होणारा खर्च शेतकऱ्यापर्यंत पोहोचतो की नाही, हे अंदाजाने ठरवता येत नाही. त्यासाठी शेतकऱ्याच्या घरात जाऊन मोजमाप करावे लागते, असा त्यांच्या कामाचा रोख होता.

कालव्याच्या पाण्याचा जमाखर्च

या पद्धतीचा सर्वांत महत्त्वाचा प्रयोग अहमदनगर जिल्ह्याच्या परिसरात झाला. अहमदनगरचे अधिकृत नाव आता अहिल्यानगर आहे. प्रवरा नदीवरील भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. गोदावरी आणि प्रवरा या दोन्ही नद्यांच्या कालव्यांमुळे अवर्षणग्रस्त पट्ट्यात बारमाही पाणी आले. मात्र सरकारच्या हिशेबात हे कालवे तोट्याचे होते, कारण पाणीपट्टीतून मिळणारे उत्पन्न भांडवली खर्चाच्या मानाने अपुरे पडत होते.

हा हिशेब अपुरा आहे, असे गाडगीळ यांनी दाखवून दिले. त्यांच्या नेतृत्वाखाली संस्थेने कालव्याखालील गावे आणि त्यांच्याशेजारची कोरडवाहू गावे यांची तुलनात्मक पाहणी केली. पिकांचे उत्पन्न, मजुरांना मिळणारे काम, बैलगाडी व रेल्वेची वाहतूक, व्यापार आणि प्रक्रिया उद्योग या सर्वांत झालेली वाढ मोजण्यात आली. गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष लाभांचा हा अहवाल १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला.

सार्वजनिक खर्चाचे मूल्यमापन सरकारच्या तिजोरीत परत येणाऱ्या रकमेवरून न करता संपूर्ण समाजाला होणाऱ्या लाभावरून करावे, हे तत्त्व या अहवालाने भारतात आकडेवारीसह मांडले. स्वातंत्र्योत्तर काळात मोठ्या पाटबंधारे प्रकल्पांची आखणी सुरू झाली, तेव्हा हा अभ्यास मार्गदर्शक मानला गेला. कोरडवाहू गावांना कालव्याखालील गावांच्या शेजारी बसवून मोजण्याची ही रीत आजही प्रकल्पांच्या मूल्यमापनात वापरली जाते.

कर्जबाजारी शेतकरी

पाणी आले तरी शेतकऱ्याजवळ भांडवल नव्हते. १८७५ मध्ये पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध झालेले दख्खनचे दंगे हा या प्रश्नाचा जुना इतिहास होता. त्यानंतर ब्रिटिश सरकारने १८८३ आणि १८८४ मध्ये तगाई कर्जांचे कायदे केले. १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. तरीही खेड्यातील व्यवहार सावकाराच्या वहीतच राहिला.

१९४४ मध्ये भारत सरकारने शेती वित्त उपसमिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद गाडगीळ यांच्याकडे सोपवले. समितीचा अहवाल १९४५ मध्ये सादर झाला. शेतकऱ्याला नवे कर्ज देण्यापूर्वी त्याच्या जुन्या कर्जाची सक्तीने तडजोड करून ते त्याच्या फेडीच्या क्षमतेपर्यंत खाली आणावे, अशी शिफारस समितीने केली. जेथे सहकारी संस्था दुर्बल आहेत, तेथे प्रांतवार शेती पतमहामंडळे स्थापन करावीत, असेही तिने सुचवले.

ही दुसरी शिफारस सहकारी चळवळीतील अनेकांना रुचली नाही. सहकाराला समांतर यंत्रणा उभारल्यास चळवळ आणखी दुबळी होईल, अशी भीती व्यक्त झाली. लगेच पुढच्या वर्षी आलेल्या सरैया समितीने सहकारी मार्गालाच पसंती दिली आणि गाडगीळ समितीची महामंडळांची कल्पना मागे पडली. मात्र गाडगीळ सहकाराचे विरोधक नव्हते. सहकार हा शब्द उच्चारल्याने शेतकऱ्याला पैसा मिळत नाही. त्यासाठी राज्यसंस्थेने भांडवल घेऊन उभे राहिले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. पुढील काही वर्षांत त्यांनी तो प्रत्यक्षात उतरवला.

प्रवरा काठचा प्रयोग

प्रवरा कालव्याखाली ऊस वाढला, पण त्याचा मुख्य लाभ शेतकऱ्यांना मिळत नव्हता. परिसरात खाजगी साखर कंपन्या होत्या आणि त्यांनी जमिनी भाडेपट्ट्याने घेऊन स्वतःची ऊसशेती उभारली होती. इतर बागायतदार गुऱ्हाळे चालवत आणि गुळाचा भाव कोसळला की कर्जात बुडत. लोणी येथील शेतकरी विठ्ठलराव विखे पाटील यांनी शेतकऱ्यांच्या मालकीचा साखर कारखाना काढण्याचा ध्यास घेतला. औपचारिक शिक्षण बेताचेच असलेल्या या शेतकऱ्याने गावोगाव फिरून भागभांडवल गोळा केले.

या प्रयत्नाला गाडगीळ यांनी साथ दिली. केंब्रिजचे पदवीधर आणि एका संशोधन संस्थेचे संचालक असलेले गाडगीळ या कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले, तर विठ्ठलराव उपाध्यक्ष. मुंबई राज्याच्या मंत्रिमंडळात वित्त व सहकार ही खाती वैकुंठभाई मेहता यांच्याकडे होती. त्यांनी या प्रकल्पाला पाठबळ दिले. शेतकऱ्यांचे भाग, सरकारचे भाग आणि वित्तसंस्थांचे कर्ज अशा तीन स्रोतांतून भांडवल उभे राहिले. १९५०-५१ च्या हंगामात कारखान्याचे गाळप सुरू झाले. १९६१ मध्ये पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी प्रवरानगरला भेट दिली.

गाडगीळ यांनी सुमारे दहा वर्षे अध्यक्षपद सांभाळले. सभासद शेतकरी हा ऊस पुरवणारा तर आहेच, पण तो मालकही आहे, ही जाणीव रुजवणे हे त्यांनी आपले मुख्य काम मानले. उसाच्या किमतीतून काही रक्कम ठेव म्हणून कारखान्यातच ठेवण्याची पद्धत सहकारी कारखान्यांत रुढ झाली. तिच्यामुळे कर्जफेड झाली आणि विस्तारासाठी स्वतःचे भांडवल तयार झाले. कारखाना स्थिर झाल्यावर गाडगीळ बाजूला झाले आणि अध्यक्षपदाची सूत्रे विठ्ठलरावांकडे गेली.

सरकारी भांडवलाने संस्था उभी करायची, सभासदांची बचत वाढेल तसे सरकारने मागे सरकायचे आणि तज्ज्ञाने शेतकऱ्याच्या हाती कारभार सोपवून निघून जायचे, असा हा क्रम होता. महाराष्ट्रात त्यानंतर उभ्या राहिलेल्या सहकारी कारखान्यांनी प्रवरेचा नमुना समोर ठेवला. क्रमाचा पहिला भाग सर्वांनी उचलला, शेवटचा भाग मात्र फारच थोड्यांनी, असे पुढे दिसून आले.

ग्रामीण पतपाहणीचे आकडे

१९५१ मध्ये भारतीय रिझर्व्ह बँकेने अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीसाठी एक समिती नेमली. ए. डी. गोरवाला हे अध्यक्ष होते, तर गाडगीळ, बी. वेंकटप्पय्या आणि एन. एस. आर. शास्त्री हे सदस्य होते. देशभरातील ७५ जिल्हे, ६०० खेडी आणि सव्वा लाखाहून अधिक कुटुंबे यांची पाहणी झाली. गोखले संस्थेत विकसित झालेली पद्धत आता राष्ट्रीय पातळीवर वापरली जात होती.

१९५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालातील निष्कर्ष धक्कादायक होते. शेतकऱ्यांनी घेतलेल्या एकूण कर्जात सरकारचा वाटा ३.३ टक्के, सहकारी संस्थांचा ३.१ टक्के आणि व्यापारी बँकांचा ०.९ टक्के होता. सुमारे ७० टक्के कर्ज सावकारांकडून आले होते. सहकारी कायदा होऊन तोपर्यंत अर्धे शतक लोटले होते.

समितीने अपयशाचे कारण शेतकऱ्याच्या अज्ञानात शोधले नाही. खेड्यातील दुर्बल घटकांनी एकत्र येऊन स्थापन केलेली छोटी संस्था सावकार, व्यापारी आणि जमीनदार यांच्या संघटित सामर्थ्यापुढे टिकू शकत नाही, असे तिचे विश्लेषण होते. त्यामुळे राज्याने भागीदार म्हणून सहकारात उतरावे, कर्जाची सांगड पिकाच्या विक्रीशी घालावी, गोदामे उभारावीत आणि ग्रामीण भागात शाखा उघडणारी सरकारी बँक स्थापन करावी, अशा एकात्मिक योजनेची शिफारस तिने केली.

या शिफारशींची अंमलबजावणी तुलनेने जलद झाली. १ जुलै १९५५ रोजी इंपीरियल बँकेचे रुपांतर भारतीय स्टेट बँकेत झाले. १९५६ मध्ये रिझर्व्ह बँकेने दीर्घ मुदतीच्या शेती पतपुरवठ्यासाठी राष्ट्रीय निधी निर्माण केला. त्याच वर्षी राष्ट्रीय सहकारी विकास व गोदाम मंडळ स्थापन झाले आणि त्यातून पुढे १९६३ मध्ये राष्ट्रीय सहकारी विकास निगम अस्तित्वात आला. राज्य सरकारे या निधीतून कर्ज घेऊन सहकारी बँकांचे भाग खरेदी करू लागली. सार्वजनिक पैसा आणि गावची सोसायटी यांच्यातील दुवा तेव्हापासून पक्का झाला.

राज्यांच्या वाट्याचे सूत्र

१९६६-६७ या काळात गाडगीळ पुणे विद्यापीठाचे कुलगुरू आणि राज्यसभेचे नामनियुक्त सदस्य होते. सप्टेंबर १९६७ मध्ये त्यांची नियोजन आयोगाच्या उपाध्यक्षपदी नियुक्ती झाली. पंतप्रधान इंदिरा गांधी आयोगाच्या अध्यक्ष होत्या. लागोपाठच्या दोन दुष्काळांनंतर अन्नधान्याची टंचाई होती आणि चौथी पंचवार्षिक योजना लांबणीवर पडली होती. त्या वर्षीच्या निवडणुकांनंतर अनेक राज्यांत काँग्रेसेतर सरकारे आली होती.

तोपर्यंत केंद्राचे योजना साहाय्य योजनानिहाय मंजूर होत असे. कोणत्या राज्याला किती मिळणार, हे बऱ्याच अंशी दिल्लीतील वाटाघाटींवर अवलंबून होते. वजनदार मुख्यमंत्री अधिक निधी नेत आणि दूरची, गरीब राज्ये मागे राहत. राज्यांना आपला निधी आधी कळत नसल्याने पाटबंधारे, रस्ते किंवा शेतीविस्तार यांची दीर्घकालीन आखणीही करता येत नव्हती.

गाडगीळ यांनी यावर लेखी आणि सर्वांना सारखेच लागू होणारे सूत्र सुचवले. राष्ट्रीय विकास परिषदेच्या मान्यतेने ते चौथ्या योजनेपासून, म्हणजे १९६९ पासून अमलात आले. आसाम, जम्मू व काश्मीर आणि नागालँड यांच्या गरजा प्रथम भागवण्यात आल्या. उर्वरित साहाय्यापैकी ६० टक्के रक्कम लोकसंख्येच्या प्रमाणात वाटायची होती. राष्ट्रीय सरासरीपेक्षा कमी दरडोई उत्पन्न असलेल्या राज्यांसाठी १० टक्के, करवसुलीच्या प्रयत्नांसाठी १० टक्के, सुरू असलेल्या मोठ्या पाटबंधारे व वीज प्रकल्पांसाठी १० टक्के आणि राज्यांच्या विशेष समस्यांसाठी १० टक्के, अशी विभागणी होती. साहाय्याचा ३० टक्के भाग अनुदान आणि ७० टक्के भाग कर्ज असे. केंद्रपुरस्कृत योजनांवरही मर्यादा घालण्यात आली.

या सूत्रावर टीकाही झाली. लोकसंख्येला दिलेला भार मोठा आणि दारिद्र्याला दिलेला भार अपुरा आहे, असे मागास राज्यांचे म्हणणे होते. १९८० मध्ये आणि पुन्हा १९९१ मध्ये सूत्रात बदल करण्यात आले. तथापि निधीवाटप लेखी नियमाने व्हावे, हे मूळ तत्त्व कायम राहिले. १ जानेवारी २०१५ रोजी नियोजन आयोगाची जागा नीती आयोगाने घेतली. चौदाव्या वित्त आयोगाने करांतील राज्यांचा वाटा ४२ टक्क्यांपर्यंत वाढवण्याची शिफारस केली आणि त्यानंतर गाडगीळ सूत्रानुसार होणारे साहाय्य बंद झाले.

जिल्हा हे एकक

१९ जुलै १९६९ रोजी १४ मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. बँका सरकारी मालकीच्या झाल्या, पण त्यांच्या शाखा शहरांतच होत्या. राष्ट्रीय पत परिषदेने गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली एक अभ्यासगट नेमला होता. त्याचा अहवाल ऑक्टोबर १९६९ मध्ये आला. देशातील सुमारे ६ लाख खेड्यांपैकी जेमतेम ५ हजार खेड्यांत बँका होत्या, असे या अहवालात नमूद होते.

अभ्यासगटाने क्षेत्रनिहाय दृष्टिकोन सुचवला. प्रत्येक बँकेने सर्वत्र थोडे थोडे काम करण्याऐवजी ठरावीक जिल्ह्यांची जबाबदारी घ्यावी. जिल्ह्यातील पिके, पाणी, बाजार, कारागीर आणि उद्योग यांची पाहणी करून तेथील पतगरजेचा आराखडा तयार करावा, असे त्याचे स्वरूप होते. त्यानंतर नरिमन समितीने याच दिशेने अहवाल दिला आणि डिसेंबर १९६९ मध्ये रिझर्व्ह बँकेने अग्रणी बँक योजना सुरू केली.

वाई तालुक्याच्या पाहणीपासून प्रवरेच्या कालव्यापर्यंत गाडगीळ यांनी जी पद्धत वापरली होती, तीच येथे बँक व्यवस्थेच्या नियमांत उतरली. आधी जागेवर जाऊन मोजणी, मग निधी. १९८१ मधील कर्ज पाहणीनुसार ग्रामीण कुटुंबांच्या कर्जात संस्थात्मक कर्जाचा वाटा ६० टक्क्यांच्या वर गेला होता. तीस वर्षांपूर्वी तो सात टक्क्यांच्या आसपास होता. या बदलाचे श्रेय एका योजनेला देता येणार नाही, पण अग्रणी बँक योजनेचा त्यात मोठा वाटा होता.

अखेरचा प्रवास

चौथ्या योजनेच्या आराखड्यात अल्पभूधारक शेतकऱ्यांसाठी विशेष यंत्रणा समाविष्ट करण्यात आल्या. हरितक्रांतीचा लाभ पाणी आणि भांडवल असलेल्या शेतकऱ्यांपुरताच राहू नये, हा त्यामागील हेतू होता. भाववाढ आटोक्यात ठेवून विकास साधावा, यावर गाडगीळ यांचा भर होता. या सावधपणामुळे योजनेचे आकारमान अपुरे आहे, अशी टीका त्यांच्यावर झाली.

१९७१ च्या लोकसभा निवडणुकीनंतर गाडगीळ यांनी आयोगातील पद सोडले. दिल्लीहून पुण्याकडे परतत असतानाच ३ मे १९७१ रोजी त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते ७० वर्षांचे होते. त्यांचे पुत्र माधव गाडगीळ यांनी पर्यावरणशास्त्रात स्वतंत्र कार्य केले. पश्चिम घाटासंबंधीच्या तज्ज्ञ समितीचा २०११ मधील अहवाल त्यांच्या अध्यक्षतेखाली तयार झाला आणि त्यातही निर्णयाचा अधिकार ग्रामसभांपर्यंत नेण्याचा आग्रह होता.

वारसा आणि अनुत्तरित प्रश्न

गाडगीळ यांच्या निधनानंतरच्या काळात त्यांनी रचलेल्या व्यवस्थेच्या दोन मर्यादा स्पष्ट झाल्या. पहिली सहकारातील सरकारी भागीदारीची. सरकारचे भांडवल सहकारी संस्थांत गेले, पण ते परत निघाले नाही. भांडवलाबरोबर सत्ताधाऱ्यांचे नियंत्रणही आले. अनेक जिल्हा बँका आणि सोसायट्या थकबाकीत अडकल्या. ग्रामीण सहकारी पतव्यवस्थेच्या पुनरुज्जीवनासाठी २००४ मध्ये प्राध्यापक ए. वैद्यनाथन यांच्या अध्यक्षतेखाली कृतिदल नेमण्यात आले. त्याने या दुरवस्थेचे एक प्रमुख कारण म्हणून राज्याच्या भागीदारीकडेच बोट दाखवले. १९५४ च्या समितीने सुचवलेला उपाय पन्नास वर्षांनंतर व्याधीचे कारण ठरला होता.

दुसरी मर्यादा पाण्याची. १९४८ च्या अहवालाने कालव्याच्या पाण्याचा लाभ मोजला, तेव्हा ते पाणी मर्यादित पट्ट्यात होते आणि त्याचा वापर वाढवणे हेच आव्हान होते. नंतर विहिरी आणि विंधनविहिरींच्या आधारे ऊस अवर्षणग्रस्त भागांत पसरला. राज्यातील लागवडीखालील क्षेत्राच्या मानाने उसाचे क्षेत्र लहान असले, तरी सिंचनाच्या पाण्यातील त्याचा वाटा फार मोठा आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी पोहोचवावे लागले, तेव्हा मराठवाड्यातील उसाची चर्चा देशभर झाली. पाण्याचा लाभ मोजताना त्याच्या ऱ्हासाचीही किंमत धरली पाहिजे, हा विचार गाडगीळ यांच्या काळात पुढे आलेला नव्हता.

तरीही या मर्यादा ज्या कसोटीवर उघड झाल्या, ती कसोटी गाडगीळ यांचीच होती. खर्च झालेल्या सार्वजनिक पैशातून शेतकऱ्याच्या हाती नेमके काय आले, हे प्रत्यक्ष मोजून सांगण्याची अपेक्षा त्यांनी निर्माण केली. वैद्यनाथन कृतिदलाने सहकारी संस्थांचे ताळेबंद तपासले, जलतज्ज्ञ उसाला लागणाऱ्या पाण्याचा हिशेब मांडतात आणि ग्रामीण योजनांचे सामाजिक लेखापरीक्षण होते, तेव्हा याच परंपरेचे पालन होत असते.

केंद्रात २०२१ मध्ये स्वतंत्र सहकार मंत्रालय स्थापन झाले. गावपातळीवरील सोसायट्यांचे संगणकीकरण आणि त्यांना गोदामांसह नवे व्यवसाय देण्याच्या योजना सुरू आहेत. पतपुरवठा, विक्री आणि साठवणूक एकाच संस्थेत जोडण्याची ही कल्पना १९५४ च्या अहवालाशी थेट नाते सांगते. या वेळी तरी भांडवलामागोमाग सभासदांचा अधिकार संस्थेत पोहोचतो का, हे येत्या काही वर्षांतील ताळेबंद आणि निवडणुका सांगतील. गाडगीळ हयात असते तर त्यांनी त्याची पाहणी गावात जाऊन, सभासदांच्या घरोघरी केली असती.